कागदावर बरोबर, संगणकात चूक
वाचकांचे प्रश्न : संगणक आणि फोनवरची मराठी

प्रश्न : आमच्या वाचनालयाची चार हजारांवर पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे. 'आपटे' शोधलं की निम्मीच पुस्तकं सापडतात. उरलेली डोळ्यांसमोर दिसत असतात, तरी संगणक 'नाही' म्हणतो. अकारविल्हे लावली तर काही आपटे 'अ'मध्ये जाऊन बसतात. यादी दोघांनी मिळून भरली आहे.
— ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : यादी दोघांनी भरली, हे तुम्ही सांगितलंत तिथेच उत्तर आहे. त्यांतल्या एकाचा हात टाइपरायटरवर बसलेला असणार. टाइपरायटरवर 'आ'ची वेगळी कळ नव्हती. आधी 'अ' मारायचा, मग काना. 'ओ' म्हणजे अ, काना आणि वर मात्रा. 'ऐ' म्हणजे 'ए'वर एक मात्रा. 'ई' तर 'इ'वर रफार मारून काढायचे. कागदावर अक्षर नीट उमटलं की काम संपलं. ते कसं जोडलं हे विचारायला कोणी येत नव्हतं.

युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देऊन साठवण्याच्या पद्धतीत) मात्र 'आ' हे एकच, स्वतंत्र अक्षर आहे. त्याचा क्रमांक २३१०. 'अ'चा क्रमांक २३०९ आणि कान्याचा २३६६. जुन्या हाताने 'अ' आणि काना मारला की संगणकात दोन चिन्हं साठतात. बहुतेक पडद्यांवर ती 'आ'सारखीच दिसतात, म्हणून टंकलेखकाला शंका येत नाही. काही फोनवर मात्र मध्ये टिपक्यांचं वर्तुळ उमटतं, तेव्हा भांडं फुटतं.

तपासायला दोन सूत्रं पुरतात. 'आपटे'सारख्या नावाच्या खान्याला एक्सेलमधलं युनिकोड हे सूत्र लावा (ते २०१३ च्या आवृत्तीपासून आहे). ते पहिल्या चिन्हाचा क्रमांक देतं. २३१० आला तर 'आ' खरा, २३०९ आला तर जोडलेला. दुसरं सूत्र लेन, ते चिन्हं मोजतं. नीट लिहिलेल्या 'आपटे'ला ४ येतात (आ, प, ट, मात्रा), जोडलेल्याला ५.

दुरुस्तीआधी फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा. 'फाइंड अँड रिप्लेस'च्या चौकटीत मोडकं रूप मुद्दाम टाइप करणं जिकिरीचं असतं. त्यापेक्षा सबस्टिट्यूट हे सूत्र वापरा आणि त्यात चिन्हं युनिकार या सूत्राने क्रमांकावरून द्या. क्रम महत्त्वाचा आहे, लांब जोड्या आधी घ्यायच्या. अ+काना+मात्रा याचा 'ओ', अ+काना+दोन मात्रा याचा 'औ', अ+काना+चंद्र याचा 'ऑ' करा. 'अ'ला थेट ो, ौ किंवा ॉ जोडलेलंही सापडेल, त्याचीही तीच रूपं करा. मग अ+काना याचा 'आ'. त्यानंतर व्यंजनावरचे काना+मात्रा याचा ो, काना+दोन मात्रा याचा ौ, काना+चंद्र याचा ॉ. शेवटी ए+मात्रा याचा 'ऐ', आणि र+हलन्त (पाय मोडल्याची खूण)+इ याचा 'ई'. 'अ+काना' आधी बदललात तर 'ओ'च्या जागी 'आ'वर मात्रा शिल्लक राहते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

'ई'चा बदल विसरू नका. 'मुंबर्इ', 'देसार्इ', 'आर्इ' अशी रूपं जुन्या याद्यांत हमखास असतात आणि नजर त्यांच्यावरून घसरते.

याच झाडूत 'ॲ' काढून घ्या. 'ॲडव्होकेट'मधलं पहिलं अक्षर तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं : ऍ (२३१७), अ+चंद्र, आणि ॲ (२४१८). मराठीचा 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या याद्यांत पहिले दोनच भेटतात. सगळे २४१८ वर आणा.

प्रश्न : टायपिंग क्लासची परीक्षा देऊन लागलो, पंचवीस वर्षं टाइपरायटरच्याच मांडणीवर काम केलं. आता कार्यालयात इनस्क्रिप्ट ही कळांची दुसरी मांडणी वापरा म्हणतात. हात पुन्हा शिकवावा लागेल का?
— लिपिक, जालना

उत्तर : निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असतील तर शिकवू नका. युनिकोड ही साठवणीची पद्धत आहे, कळांची मांडणी नव्हे. सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांत टाइपरायटरची मांडणी ठेवून युनिकोडमध्ये लिहिता येतं. ऱ्हस्व वेलांटी तुम्ही सवयीने व्यंजनाआधी मारता. चांगलं साधन ती धरून ठेवतं आणि व्यंजन आलं की त्याच्यामागे साठवतं.

साधन चांगलं की कच्चं, हे एका ओळीत कळतं. 'आई, ओळख, ऐवज' एवढं वर्डमध्ये लिहा. 'आ'च्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबा. अक्षराच्या जागी ०९०६ यायला हवं. पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. 'ई'ला ०९०८, 'ऐ'ला ०९१०, 'ओ'ला ०९१३. दुसरं काही आलं तर ते साधन फक्त चित्र जुळवतं आहे. त्यात भरलेली यादी उद्या वरच्या ग्रंथपालांच्या यादीसारखीच वागेल.

नोकरी बरीच उरली असेल तर मात्र इनस्क्रिप्ट शिकाच. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी तिची विभागणी आहे. हलन्त डीच्या कळेवर असतो आणि जोडाक्षर त्यानेच होतं : 'क्य' म्हणजे क, हलन्त, य. अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा नाहीत, त्यामुळे लक्षात ठेवायचं कमी. सुरुवातीचे काही दिवस वेलांटी आधी मारली जाईल, ते सुटतं. सुटायला वेळ लागतो तो खोडण्याच्या सवयीला. बॅकस्पेस एकेक चिन्ह खोडतो, डिलीट पूर्ण अक्षर उडवतो. 'क्षी'तली नुसती वेलांटी चुकली असेल तर कर्सर अक्षराच्या लगेच पुढे नेऊन बॅकस्पेस एकदाच.

प्रश्न : 'दुसऱ्या' लिहून संस्थेच्या संकेतस्थळावर चढवलं की तिथे 'दुसर्या' दिसतं. संगणकावर तर बरोबर होतं.
— शिक्षिका, कराड

उत्तर : तुमच्या गावाचं 'कऱ्हाड' हे रूपही तिथे असंच मोडत असेल. हा अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिला जातो. एक, र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह (क्रमांक ८२०५) आणि पुढे य. दोन, नुक्ता (खालचं टिंब) असलेला 'ऱ' (२३५३), हलन्त, य. दिसायला दोन्ही सारखेच. पण पुष्कळ संकेतस्थळं आणि ऑनलाइन अर्ज अदृश्य चिन्हं कचरा समजून झाडून टाकतात. ते चिन्ह गेलं की उरतं र, हलन्त, य, आणि त्याचा नियमाप्रमाणे रफार होतो.

म्हणून 'ऱ' वापरा. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून जेच्या कळेवर आहे. फोनवर कीबोर्ड हिंदीचा निवडलेला असेल तर आधी मराठीचा निवडा; पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. जुन्या मजकुरात र+हलन्त+८२०५ ही तिहेरी जोडी शोधून ऱ+हलन्त करा. ८२०५ सरसकट उडवू नका, कारण ते ज्या 'र'ला टेकू देत होतं तोच मोडेल, आणि तो कुठे होता हे मग शोधताही येणार नाही.

हा फरक शोभेचा नाही. आचाऱ्यांना दिलेला शिधा आणि आचार्यांना दिलेला शिधा वेगळा. दऱ्या वेगळ्या आणि दर्या वेगळा.

प्रश्न : सोसायटीच्या सूचना आम्ही एसएमएसने पाठवतो. इंग्रजीत एक संदेश लागायचा, तीच सूचना मराठीत दिली की दोनाचे, कधी तीनाचे पैसे कापले जातात. सेवा देणारा फसवतो आहे का?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

उत्तर : फसवत नाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात म्हणून ७०. संदेश लांबला की तुकडे जोडण्याच्या माहितीला जागा जाते आणि दर तुकड्यात ६७ च उरतात.

मोजताना अक्षरं मोजू नका, चिन्हं मोजा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, जागा, पूर्णविराम, सगळं धरायचं. 'श्री' दिसायला एक अक्षर, पण चिन्हं चार. 'उद्या सकाळी ९ वाजता पाणी येणार नाही.' ही सूचना ३६ चिन्हांची आहे, म्हणजे एका संदेशात इमारतीचं नाव आणि कारण घालायला ३४ उरतात. तेवढ्यात भागवायचं तर 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' याला रजा द्यावी लागेल. त्यातच जवळपास अर्धा संदेश जातो, आणि पाणी येणार नाही हे कळवायला त्याची गरजही नसते.

एक मेख इंग्रजी संदेशातही आहे. संपूर्ण इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर आलं तरी सगळा संदेश ७० च्या मापात जातो. रुपयाचं ₹ हे चिन्हही एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही, त्यामुळे देखभाल शुल्काच्या इंग्रजी संदेशात ते घातलं की मर्यादा १६० वरून ७० वर येते. वर्डमधून उचललेली वळणदार अवतरणचिन्हंही तेच करतात. इंग्रजीत आरएस लिहा आणि अवतरणचिन्हं सरळ ठेवा.

प्रश्न : दिवाळी अंकाचा मजकूर युनिकोडमध्ये दिला तर छपाईवाले 'श्रीलिपीत द्या' म्हणतात. आमचे जुने अंक कृतिदेवमध्ये आहेत, ते दुसऱ्या संगणकावर उघडले की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. यातून मार्ग काय?
— संपादक मंडळ, नाशिक

उत्तर : दोन प्रश्न आहेत, पण मूळ एकच. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी तुकड्यांची चित्रं बसवत. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई-जे-के-बी-एच असतो. फॉन्ट काढला की तेच दिसतं. श्रीलिपीची जागावाटणी वेगळी, त्यामुळे कृतिदेवचा मजकूर श्रीलिपीचा फॉन्ट लावून वाचता येत नाही. छापखान्यांना हे सोयीचं होतं, कारण पेजमेकर या पानं लावण्याच्या जुन्या प्रणालीला (त्याची सातवी आणि शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची) जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. त्याला तयार तुकडेच हवे असत. मांडणीचे साचे, मथळ्यांचे फॉन्ट, हाताचा वेग, सगळं त्यावर उभं राहिलं. ते मोडायला छापखाना नाखूश असतो, यात आळस थोडा आणि अंक वेळेवर काढण्याची काळजी जास्त.

छपाईवाल्यांकडे पानं लावण्यासाठी सध्याचं इनडिझाइन असेल तर त्यांना पॅराग्राफच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायला सांगा. नेहमीच्या कंपोझरवर वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन पडते आणि हलन्त उघडे दिसतात. 'युनिकोड मोडतं' ही तक्रार बहुधा एवढ्यावरूनच असते. चार पानं नमुन्याला लावून छापून बघा, मग अंकाचं ठरवा.

जुन्या अंकांचं रूपांतर करताना पूर्ण फाइल एकदम परिवर्तकात (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनात) ओतू नका. त्याच लेखात खरी इंग्रजी नावं, इमेल असतात. परिवर्तक त्यांनाही देवनागरी समजून दळतो. वर्डच्या शोधचौकटीत फॉरमॅट, मग फॉन्ट निवडून कृतिदेवमधला भाग तेवढाच शोधता येतो. तो रूपांतरित करा, बाकीचा हात न लावता ठेवा. नंतर चार जागा डोळ्यांनी तपासा : रफार असलेले शब्द (रफार एक अक्षर अलीकडे-पलीकडे सरकतो), जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी, कंस आणि अवतरणचिन्हं, आणि ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द. जागेच्या लगेच पुढे आलेली वेलांटी शोधली तर पहिल्या फेरीतच पुष्कळ चुका हाती लागतात. मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट दोन्ही जपून ठेवा. रूपांतर चुकलं असेल तर ताडून बघायला दुसरं काही नसतं.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. सगळं पुन्हा टाइप करायचं का?
— नगर वाचनालय, रत्नागिरी

उत्तर : नाही. अक्षर तेच आहे, चित्र फॉन्टचं आहे. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' सांगितला आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा कोणती नोंदवली आहे यावर कोणतं दाखवायचं ते ठरतं. संकेतस्थळ बनवणाऱ्याला पानाची भाषा हिंदी किंवा इंग्रजीऐवजी मराठी, म्हणजे 'एमआर', अशी नोंदवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. फॉन्टमध्येच मराठी वळण नसेल तर फॉन्ट बदलावा लागेल.

प्रश्न : वर्डमध्ये छापलेल्या पत्रात वरचे रफार आणि अनुस्वार कापले जातात.
— पुणे

उत्तर : ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवलेलं असेल, बहुधा इंग्रजी पत्राचा साचा उचलल्यामुळे. ते 'ॲट लीस्ट' करा, किंवा १४ च्या अक्षराला निदान २० ची ओळ द्या. 'र्किं' असं एखादं अक्षर लिहून छापून बघा; ते कापलं गेलं नाही तर बाकीचं पत्रही सहसा कापलं जात नाही.