सेवा करतो, पण मनात राग येतो. मग माझी नम्रता खोटी आहे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: चार वर्षं तुम्ही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, खुर्च्या मांडताय, उपासनेनंतर झाडून घेताय, आजारी माणसांसोबत दवाखान्यात जाताय. परवा आभार मानायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं गेलं आणि तुम्हाला राग आला. मग त्या रागाची लाज वाटली. आता वाटतं की सगळी सेवाच ढोंग होती, थांबवावी का.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्राचं शिक्षणही घेतलेलं नाही. पण हा राग मला चांगला माहीत आहे, म्हणून लिहितो.

तुमची तक्रार शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, जवळजवळ जशीच्या तशी आहे. लूकच्या 10व्या अध्यायात येशू मार्थेच्या घरी येतो. तिची धावपळ चाललेली, आणि बहीण मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकतेय. मार्था येऊन म्हणते, प्रभू, हिने सगळं काम माझ्या एकटीवर टाकलंय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? या भागावर मी ऐकलेल्या बहुतेक उपदेशांत मार्थेला बोल लावला जातो. मला ते कधीच पटलं नाही. ती राग गिळून भांडी आपटत बसली नाही, तो राग घेऊन सरळ प्रभूपुढे उभी राहिली. त्यानेही तिला दोनदा नावाने हाक मारली, ‘मार्था, मार्था.’ तू खूप गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हणाला. तुझं काम फुकट आहे असं म्हणाला नाही.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा 12वा अध्याय उघडा. बेथानीत जेवण आहे, मरिया येशूच्या पायांना महागडं सुगंधी तेल लावते, घरभर वास पसरतो, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. आणि मार्था? ती वाढत होती, एवढंच लिहिलंय. अर्धी ओळ. बहिणीचं कौतुक होतंय, हिचं काम तेच, पण या वेळी तक्रार नाही. मधल्या काळात तिच्या मनात काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला ती अर्धी ओळ फार आवडते. राग आलेलं माणूस त्याच कामात पुन्हा दिसतं, मोकळ्या मनाने.

म्हणून राग आला की सेवा खोटी ठरली, असं मी म्हणणार नाही. राग एवढंच सांगतो की आपण आत कुठेतरी हिशोब ठेवत होतो. तो प्रभूला दाखवा. त्याला तो नवीन नाही.

नम्रतेबद्दल तुम्ही विचारलंय, ‘स्वतःला कमी समजणं म्हणजेच नम्रता ना?’ मी बरीच वर्षं तसंच समजत होतो. ‘मी काय, मी तर कोणीच नाही’ हे वाक्य तोंडात बसलेलं होतं. मग योहान 13 नीट वाचला. शेवटच्या भोजनाची रात्र. येशू उठतो, बाहेरची वस्त्रं काढतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. धुळीच्या रस्त्यांवरून आलेले पाय धुणं हे घरातल्या दासाचं काम. पण त्याच्या आधीचं 3रं वचन आपण भरभर वाचून पुढे जातो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होतं. आणि हे ठाऊक असताना तो उठला. आपण कोण हे पक्कं माहीत असलेला माणूसच निवांतपणे दुसऱ्याच्या पायांपाशी बसू शकतो. त्याला तिथे काही सिद्ध करायचं नसतं. लूक सांगतो की त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण यावरून वाद झाला होता. ज्यांना ते अजून ठरवायचं होतं, त्यांच्यातला एकही गंगाळाकडे गेला नाही.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदाही तिथेच होता. त्याचेही पाय धुतले गेले. तो बाहेर पडला तो नंतर.

पेत्र या शिष्याचं मात्र मला वेगळं सांगायचंय. तो म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीच धुणार नाही. ऐकायला हे किती नम्र वाटतं! येशूने मात्र ते मान्य केलं नाही: मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. हे मला वचन वाचून कळलं नाही, घरात कळलं. माझे वडील शेवटच्या काही महिन्यांत अंथरुणाला खिळले होते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धावलेला माणूस. कुणाच्या घरी दुःख झालं की पहिले हजर. पण स्वतःसाठी पेलाभर पाणी मागायचं त्यांच्या जिवावर यायचं. रात्री मला उठवावं लागू नये म्हणून ते संध्याकाळनंतर पाणीच प्यायचे नाहीत. लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला, तेव्हा हे कळलं. मी चिडलो. म्हणालो, ‘बाबा, तुम्ही सगळ्यांचं केलंत, मग मला का करू देत नाही?’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग पाय थोडे पुढे केले आणि म्हणाले, ‘टाचा फार कोरड्या झाल्यात बघ.’ मी कोमट पाणी आणलं. त्या दिवशी आमच्या दोघांत अवघड काम त्यांनी केलं, असं मला आजही वाटतं.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य मला टोचलं. तुम्ही एकदा जबाबदार व्यक्तीशी बोललात, तेव्हा ‘सेवकाने अपेक्षा ठेवू नये, नम्र राहावं’ असं उत्तर मिळालं. हे मला चूक वाटतं. वरच्याने स्वतः खाली बसायचं असतं, ‘नम्र राहा’ म्हणून खालच्याला आणखी वाकवायचं नसतं. पहिल्या मंडळीची हकिगत सांगणाऱ्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुदी शिष्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा मुख्य शिष्यांनी, त्यांना सहनशीलतेवर उपदेश केला नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला सांगितली, प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. पंक्तीची सेवा करण्यासाठी निवडलेल्या त्या सात जणांत स्तेफन होता, जो पुढे पहिला ख्रिस्ती हुतात्मा ठरला. काम नीट वाटून घ्या असं म्हणणं म्हणजे गर्व नाही. चार वर्षं एकच माणूस सगळ्या खुर्च्या मांडत असेल, तर मंडळीतल्या इतरांचीही सेवेची संधी हुकतेय.

तर थांबावं का? मी सेवा थांबवली नसती, एक काम सोडलं असतं. आजाऱ्यांसोबत जाणं ठेवा, कारण तिथे माणूस लागतो. खुर्च्यांसाठी दोन तरुणांना हाताशी घ्या आणि एखाद्या रविवारी त्यांना एकट्याने करू द्या. वाकड्या रांगा लागल्या तर लागू द्या. नंतर त्यांचे आभार माना, सगळ्यांसमोर, नाव घेऊन. ज्यांचं नाव परवा घेतलं गेलं त्यांनाही भेटा. त्यांनी काय काय केलंय ते तुम्हालाही कदाचित माहीत नसेल. आणि कुणी विचारलं, ‘तुम्हाला काही मदत हवी का?’, तर या वेळी ‘नको, मी करतो’ म्हणू नका.