वाचकांचे प्रश्न : परमुलखातील मध्यम लहरींवर देशी कार्यक्रम

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते. तेथील एका स्थानिक एएम (म्हणजे मध्यम लहरींवरील) केंद्रावर पूर्वी स्पॅनिश कार्यक्रम लागत. आता दिवसभर हिंदी गाणी, पंजाबी गप्पा आणि भारतीय किराणा दुकानांच्या जाहिराती ऐकू येतात. केंद्राची भाषाच बदलायला तेथे सरकारी परवानगी लागत नाही का? आणि हे मालकाला परवडते कसे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : परवानगी लागत नाही. अमेरिकेतील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन ही प्रसारणाचे नियमन करणारी संस्था परवाना देताना वारंवारिता, प्रक्षेपकाची शक्ती, मनोऱ्यांची जागा आणि मालकी पाहते. कोणत्या भाषेत बोलावे व कोणते संगीत लावावे, हे तिने मालकावर सोडले आहे. न्यूयॉर्कच्या एका अभिजात संगीत केंद्राच्या श्रोत्यांची संघटना या धोरणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली, परंतु १९८१ साली न्यायालयाने आयोगाचीच बाजू उचलून धरली. आपल्याकडे मध्यम लहरी आजही आकाशवाणीकडेच आहेत आणि खासगी कंपन्यांच्या वाट्याला केवळ एफएम आले, त्यामुळे मुंबईकराला हा प्रकार चमत्कारिक वाटणे साहजिक आहे.

परवडण्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकेत संगीत ऐकणारा श्रोता १९७० च्या दशकापासून एफएमकडे गेला, एएमवर बातम्या, क्रीडा, धर्मप्रवचने आणि राजकीय चर्चा उरल्या, आणि पुढे त्यांचाही श्रोता इंटरनेटकडे वळला. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या यंत्रणेमुळे एएमवर खरखर येते, म्हणून काही कंपन्यांनी आपल्या अशा गाड्यांमधून एएम काढूनच टाकले. शिवाय एएमच्या मनोऱ्यांना मोठी मोकळी जागा लागते, आणि शहर वाढत गेले की अनेकदा त्या जमिनीचे मोल केंद्राच्या व्यवसायापेक्षा जास्त भरते. अशा पडत्या काळात मालकापुढे सोपा मार्ग असतो तो म्हणजे केंद्र विकणे किंवा प्रक्षेपणाचे तास ठोक भावाने भाड्याने देणे. भाडेकरू स्वतः कार्यक्रम करतो, स्वतः जाहिराती गोळा करतो आणि मालकाला ठरलेली रक्कम देतो. कायद्याने जबाबदारी मात्र परवानाधारकाचीच राहते आणि पैसे घेऊन लावलेला कार्यक्रम कोणी प्रायोजित केला आहे, हे श्रोत्यांना सांगावे लागते.

सॅन होजेचे ११७० किलोहर्ट्झवरील ‘केएलओके’ हे केंद्र याच वाटेने स्पॅनिशकडून दक्षिण आशियाई कार्यक्रमांकडे आले. संगणक उद्योगामुळे तेथील ‘सिलिकॉन व्हॅली’ या खोऱ्यात भारतीयांची दाट वस्ती आहे आणि रोज गाडीतून लांब अंतर कापणारा हा नोकरदार वर्ग जाहिरातदारांना हवाच असतो. संपूर्ण अमेरिकेत २०२० च्या जनगणनेत केवळ भारतीय वंश नोंदवणाऱ्यांची संख्या सुमारे ४४ लाख भरली. तेव्हा या बदलाकडे आपल्या संस्कृतीचा गौरव म्हणून पाहण्याची घाई करू नये. बहुसंख्याकांनी सोडलेली जागा स्वस्त झाली आणि ती आपल्या लोकांनी घेतली, इतकाच त्याचा अर्थ आहे. लंडनमध्ये १९८९ साली सनराइज रेडिओनेही मध्यम लहरींवरच बस्तान बसवले होते.

कॅनडात मात्र हे इतके सोपे नाही. तेथील परवान्यात भाषांविषयीच्या अटी असतात, म्हणून व्हँकूवर भागातील काही पंजाबी उद्योजकांनी सीमेपलीकडे, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एएम केंद्रांवर वेळ घेऊन आपल्याच शहराकडे कार्यक्रम प्रक्षेपित केले. कॅनडाच्या नियामक आयोगाने २०१४ साली हे बिनपरवाना प्रसारण ठरवून त्यांना जाब विचारला.

प्रश्न : अशा केंद्रांवर मराठी का ऐकू येत नाही? तेथे मराठी मंडळी काय कमी आहेत?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : कमी नाहीत, उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. परंतु जाहिरातदार ‘दक्षिण आशियाई’ असा एकगठ्ठा श्रोता विकत घेतो. सोनार, मिठाईवाला, घरकर्ज देणारा आणि व्हिसाची कामे करणारा वकील यांना गुजराती, तेलुगू, पंजाबी आणि मराठी गिऱ्हाईक एकाच खर्चात हवे असते, आणि ते काम हिंदी चित्रपटसंगीत करून देते. मराठीसाठी आठवड्यातून एखादा तास हवा असेल, तर त्याचे भाडे कोणीतरी भरले पाहिजे. गणेशोत्सवाला आणि नाटकाच्या दौऱ्याला वर्गणी देणारे आपले लोक रेडिओच्या तासासाठी हात आखडता घेतात, असे आमचे मत आहे. बातम्यांची मुभा तर तेथे आपल्यापेक्षा अधिक आहे: भारतात खासगी एफएमला स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत, बातम्या द्यायच्याच तर आकाशवाणीची लावावी लागतात; अमेरिकेत मराठीतून बातम्या सांगायला कोणाचीही आडकाठी नाही.

प्रश्न : हे कार्यक्रम मुंबईत जुन्या रेडिओवर रात्री लागू शकतील का? आणि सूर्यास्तानंतर तेथे आवाज क्षीण का होतो?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत जातात आणि आकाशाकडे गेलेल्या लहरी आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, वरच्या थरांवरून लहरी परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात, आणि त्याच वारंवारितेवरील दुसऱ्या गावच्या केंद्राला त्रास होऊ नये म्हणून अनेक अमेरिकी केंद्रांना रात्री शक्ती कमी करावी लागते किंवा प्रक्षेपणाची दिशा बदलावी लागते. आवाज क्षीण होण्याचे बहुधा हेच कारण असावे.

मुंबईत मात्र हे कार्यक्रम लागणार नाहीत. अमेरिकेत एएम प्रक्षेपकाच्या शक्तीची कमाल मर्यादा ५० किलोवॅट आहे आणि मधले अंतर १३ हजार किलोमीटरहून अधिक आहे. केंद्राचे इंटरनेट प्रसारण असेल, तर ते भ्रमणध्वनीवर ऐकता येईल. त्यात गायकाचाही लाभ आहे. अमेरिकी कायद्यानुसार एएम-एफएमवर गाणे वाजले तर गीतकार-संगीतकारांना मानधन मिळते, पण गायकाला व ध्वनिमुद्रण कंपनीला काहीच मिळत नाही. इंटरनेटवरून तेच गाणे वाजवले, तर त्यांच्यासाठीही रक्कम भरावी लागते.