वाचक विचारतात : 'क्रेझी इन लव्ह'मधला बाजा खरा का कॉम्प्युटरचा?

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी लग्नाच्या बँडमधे ट्रंपेट वाजवतो, 22 वर्षं झाले. परवा माह्या भाच्यानं मोबाईलवर बियॉन्से नावाच्या अमेरिकन गायिकेचं 'क्रेझी इन लव्ह' हे गाणं ऐकवलं. सुरू होताबरोबर जो बाजा वाजते ना, तो ऐकून मी खाटेवर उठूनच बसलो. भाचा म्हन्ते मामा हे सारं कॉम्प्युटरचं असते. मले तसं वाटत नाही, त्यात फुक हाय. खरं काय ते सांगजा, आन् वरातीत वाजवता येईन का हेबी सांगजा.
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, तुमचा कान पक्का आहे. तो बाजा माणसांनीच वाजवलेला आहे, तोही हे गाणं आलं त्या 2003 मधे नाही तर 1970 मधे! शिकागोत द ची-लाइट्स नावाची गाणाऱ्यांची पार्टी होती, त्यांच्या एका जुन्या गाण्यातला तो तुकडा आहे, ते गाणं त्यांच्यातल्याच युजीन रेकॉर्डनं लिहिलेलं. पुढे रिच हॅरिसन नावाच्या संगीतकारानं त्या जुन्या तबकडीतून तेवढाच बाजा कापून घेतला अन् परत परत फिरवला, याले सॅम्पल म्हणतात. म्हणजे कापणं-जोडणं मशीनवर झालं, तेवढ्यापुरता भाचा बरोबर, पण फुक जिवंत माणसाची, 33 वर्षं जुनी.

मले यातलं सगळ्यात आवडलेलं सांगू का, नव्या गाण्याच्या लेखकांत युजीन रेकॉर्डचं नाव लागलं. 2004 च्या ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या पुरस्कारांत, या गाण्याले 2 बक्षिसं भेटली, त्यातलं एक गाणं लिहिणाऱ्यांचं होतं अन् त्यात त्याचाही वाटा होता. पुढच्याच वर्षी, 2005 मधे तो वारला. आपल्याकडं बँडवाल्याचं नाव पत्रिकेवर तर सोडाच, जेवणाच्या पंगतीतबी शेवटी आठवते, म्हणून हे वाचलं तेव्हा खरंच बरं वाटलं.

हॅरिसन वॉशिंग्टनचा. तिकडं गो-गो नावाचा नाचायच्या संगीताचा प्रकार आहे, त्यात सगळा बँड समोर उभा राहून वाजवते अन् ठेका थांबूच देत नाही. तो ठेका या गाण्यात उतरला आहे म्हणून पाय हलतात. हॅरिसननंच सांगितलेली गोष्ट आहे, बियॉन्से त्याले म्हणाली 2 तासांत गाणं लिही, मी येतेच, अन् तो आदल्या रात्रीच्या नशेतून धड उतरलाही नव्हता, तरी लिहिलं. मधातलं रॅप जे-झी नावाच्या रॅपरचं. अमेरिकेत हे गाणं 8 आठवडे एक नंबरवर होतं.

आता वरातीचं. वाजवता येते, बिनधास्त घ्या. मिनिटाले 100 च्या आसपास ठोके आहेत, म्हणजे नवरदेवाच्या घोड्यामागं लोकं नाचत नाचत सरकतात तीच चाल. पण एक गोष्ट सांभाळा. आपल्या बँडले रिकामी जागा दिसली की भरून काढायची सवय आहे, अन् इथं मजाच थांबण्यात आहे. बाजा एकदम कडाडते, मग चूप, मग परत. मागच्या महिन्यात आमच्या गावच्या वरातीत एक म्हातारे ट्रंपेटवाले पाहिले, दर कडव्यानंतर ते बाजा वाकवून थुंकीचं पाणी झटकायचे, ओठ पुसायचे, मग पुढची फुक. तेवढी उसंत या गाण्यात तुम्हाले हक्काची भेटते. गाणं म्हणायचं काम क्लॅरनेटले द्या, ट्रंपेट तिघं असाल तर तिघंही फक्त त्या कडाक्यासाठी ठेवा, रॅप येते तिथं ताशावाल्याले एकटं सोडा, त्याले जे वाजवायचं ते वाजवू द्या. अन् पहिला सूर सगळ्यांचा एका झटक्यात पडला पाहिजे, एक जरी मागं राहिला तर गाणं बसलं म्हणून समजा. दोन दिवस तालीम कराच.

प्रश्न : बियॉन्से तर आधीपासून फेमस होती ना, मग 'क्रेझी इन लव्ह' ज्यात आहे त्या 'डेंजरसली इन लव्ह' अल्बमले तिचा 'पहिला' काहून म्हणतात?
— एक कॉलेजची वाचक, आर्वी

उत्तर : एकटीचा पहिला, ताई. त्याआधी ती डेस्टिनीज चाइल्ड या पोरींच्या ग्रुपमधे होती, शेवटी त्यात ती, केली रोलंड अन् मिशेल विल्यम्स अशा तिघी होत्या. 'डेंजरसली इन लव्ह' हा तिच्या एकटीच्या नावाचा पहिला अल्बम, जून 2003 चा, तेव्हा ती 21 वर्षांची होती. 'क्रेझी इन लव्ह' त्याच्या आधी मे महिन्यातच आलं होतं. गॅदरिंगले हे घ्यायचं असेल तर व्हिडिओची सुरुवात पाहा, ती नाचत नाही, नुसती रस्त्यावरून सरळ चालत येते. तुमच्यातल्या एकीले आधी तसं चालता आलं पाहिजे, मान वर करून, बाज्याच्या ठेक्यावर, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीच्या स्टेप नंतर बसवा.