कासच्या पठारावरची ही दोन जांभळी फुलं एकाच जातीची आहेत का? आणि हे किराईत आहे का?

तुमच्या दोन्ही फोटोंत चार जांभळ्या पाकळ्या आणि मधे पिवळेधमक परागकोश आहेत. फक्त एकात मधली काडी डावीकडे कललीय, दुसऱ्यात उजवीकडे. म्हणून तुम्हाला दोन जाती वाटल्या. मी साताऱ्याचा, कास २५ किलोमीटरवर, तरी पहिल्या वर्षी मीही वहीत दोन वेगळ्या नोंदी केल्या होत्या!

जात एकच. प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) एक्झॅकम, काडेकिराईताच्याच कुळातली. ती काडी म्हणजे कुक्षीवृंत, तिच्या टोकाला पराग झेलणारी कुक्षी असते. या प्रजातीत तो एका बाजूला झुकतो, आणि एकाच झाडावर डावी-उजवी दोन्ही फुलं सापडतात, आरशात पाहिल्यासारखी. डाव्या फुलात भुंग्याच्या एका कुशीला लागलेला पराग उजव्या फुलाच्या कुक्षीवर पोचायला सोपा पडतो, असा याचा अर्थ लावतात.

परागकोशही नीट बघा. ते उभे फाटत नाहीत, टोकाला बारीक भोक असतं. मिठाच्या डबीसारखं हलवल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही. भुंगा परागकोश धरून अंग थरथरवतो, गूंऽऽ असा आवाज येतो आणि पराग उडतो. आपल्या वांग्याच्या फुलातही हाच प्रकार. मधमाशीला ही थरथर जमत नाही. पहाटेच्या धुक्यात भुंगे नसतात, ऊन पडल्यावर थांबलात तर आवाज ऐकू येईल.

तुमचं झाड वीतभरही दिसत नाही, म्हणजे बहुधा एक्झॅकम लॉआय. उंच, चौधारी खोडाचं असतं ते एक्झॅकम टेट्रागोनम, त्याला उदी चिराईत म्हणतात. कुंडीत लावायला विकतात ते ‘पर्शियन व्हायोलेट’ याच प्रजातीतलं, पण ते मूळचं पर्शियातलं नाही (येमेनच्या सोकोत्रा बेटावरचं आहे) आणि व्हायोलेटही नाही.

आता सोबतच्या मावशी ‘किराईत आहे, शुगरवर चालतं’ म्हणाल्या, त्याबद्दल. किराईत हे नाव आपल्याकडे कडू असेल त्याला देऊन टाकतात. आजी तापावर काढा द्यायची ते काडेकिराईत हिमालयातून येतं, स्वर्टिया चिरायता. परसात लावतात ते ओलं किराईत अडुळशाच्या कुळातलं, त्याचा या फुलाशी काही संबंध नाही. एक्झॅकमही कडूच, काही ठिकाणी काडेकिराईताच्या जागी वापरतातही. पण तेवढ्यावरून शुगरच्या गोळ्या बंद करून हे उकळून पिऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि पठारावरून उपटून तर मुळीच आणू नका. जांभ्यावरच्या बोटभर मातीत ते पावसाळ्यापुरतंच उगवतं, बी पडायच्या आत उपटलं तर पुढच्या वर्षी तिथे काय येणार?

दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात गुलाबी फूल आहे, त्याच्या दोन पाकळ्या मोठ्या नि दोन लहान दिसतात. ते किलवर असावं, तेही याच कुळातलं. जवळून काढलेला फोटो असेल तर टाका.