वाईड लेन्ससाठी साधी, स्वस्त फिल्म बॉडी : रेंजफाइंडर घ्यावा की एसएलआर?

तुम्ही विचारलंय की २१ ते २८ एमएमच्या लेन्स वापरायच्यात, बजेट बेताचं आहे, बॉडी साधी हवी, तर रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून बघून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) घ्यावा की एसएलआर (आतल्या मिररमुळे थेट लेन्समधूनच बघायचा कॅमेरा). मी म्हणेन दोन्ही नको. जिला व्ह्यूफाइंडरच नाही अशी बॉडी घ्या. कोसिनाने १९९९ मध्ये फोग्टलेंडर या नावाने बेसा-एल काढली होती, ती. ३९ एमएमचा स्क्रू माउंट, एक सेकंदापासून १/२००० पर्यंतचा मेकॅनिकल शटर, लेन्समधून येणारा उजेड मोजणारा मीटर, बस. बॅटरी फक्त मीटरला लागते, ती संपली तरी शटर चालतो. वर शूमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या खाचेत, लेन्सच्या मापाचा छोटा व्ह्यूफाइंडर लावायचा आणि अंतर अंदाजाने लेन्सवर लावायचं.

आता "अंदाजाने" म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि मला हे उत्तर लिहावंसं वाटलं ते त्याचमुळे. माझा मामेभाऊ, वयाने मोठा, डार्करूमचं सगळं मी त्याच्याकडूनच शिकलो, आणि त्याचा हात खरंच चांगला आहे हेही सांगतो. पण माझी बेसा-एल बघितल्यावर तो म्हणाला, हा कॅमेरा नाही, झाकण लावलेला डबा आहे, फोकस न बघता फोटो काढणं म्हणजे देवावर हवाला. हा वाद आमच्यात इतकी वर्षं चाललाय की घरातले आता विषयच बदलतात.

मामांचा छापखाना होता, एक लांबट अरुंद खोली, ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छपाईचं यंत्र) आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसेस (कप्प्यांचे ट्रे). मशीन विकलं गेलं आणि उचलायला माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं फोटो काढायला गेलो. मामा स्वतः स्टिक (ओळ जुळवायची पट्टी) हातात घेऊन शेवटचं म्हणून काहीतरी जुळवत बसले होते, केसमधून खिळा न बघता उचलायचे, अंगठ्याने खाच चाचपून सुलटा करायचे आणि स्टिकमध्ये बसवायचे, बोटांच्या पेरांत शिशाचा करडा रंग कायमचा मुरलेला. मला एकाच फोटोत समोरची केस, मामांचे हात, चेहरा आणि मागचं मशीन असं सगळं हवं होतं, कारण उद्या यातलं काहीच एकत्र असणार नव्हतं. केस माझ्यापासून जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटरवर, मशीन पार मागच्या भिंतीपाशी.

दादाकडे, म्हणजे त्या मामेभावाकडे, एसएलआर आणि २४ एमएम एफ/२.८. ट्यूबलाइटचा उजेड, ४०० ची फिल्म. त्याला १/६० च्या खाली यायचंच नव्हतं, मिरर आपटून हलतं म्हणायचा, म्हणून अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, जितकं मोठं तितका शार्प पट्टा कमी) सताड उघडं ठेवलं आणि मधल्या स्प्लिट इमेजमध्ये (दोन तुकडे जुळले की फोकस) मामांच्या चेहऱ्यावरची रेघ जुळवत बसला. वाईड लेन्समधून चेहरा दिसतो एवढासा, त्यात रेघ कुठे जुळते तेच कळत नाही, तोवर मामा पुढच्या खिळ्याकडे वाकलेले. माझ्याकडे १५ एमएमची हेलिअर लेन्स. अॅपर्चर एफ/८, फोकसची रिंग एक मीटरवर, म्हणजे अर्ध्या मीटरपासून पुढे अनंतापर्यंत सगळं कामापुरतं शार्प. शटर १/८, बॉडी दाराच्या चौकटीला घट्ट टेकवली, श्वास सोडला आणि दाबलं. मिररच नाही तर आपटणार काय? मी फोकसला हातच लावत नव्हतो, त्यामुळे माझं लक्ष पूर्णवेळ मामांच्या हाताकडे होतं.

निगेटिव्ह धुतल्यावर माझ्या फोटोत जवळच्या केसमधले खिळे वेगवेगळे दिसत होते आणि मागे मशीनचं चाकसुद्धा. दादाच्या फोटोत चेहरा उत्तम, पण केस धूसर, मशीन धूसर. २४ एमएम एफ/२.८ ला दोन मीटरवर फोकस केला की साधारण दीड मीटर ते पावणेतीन मीटर एवढाच पट्टा मिळतो, केस त्याच्या बाहेरच होती. मामींनी फ्रेम करून लावला तो माझा फोटो. दादाचं म्हणणं आजही असं की तो लेन्सचा फरक होता, बॉडीचा नाही. थोडं खरं आहे ते. पण वेळ कुणाकडे होता आणि रिंग फिरवण्यात कोण अडकलं होतं, हा बॉडीचाच फरक आहे दादा.

यामागचं गणित सोपं आहे. वाईड लेन्सला डेप्थ, म्हणजे एकाच वेळी शार्प दिसणारा पट्टा, मुळातच भरपूर असते. एफ/८ ला २१ एमएम दोन मीटरच्या जरा अलीकडे लावून ठेवा, एक मीटरपासून पुढचं सगळं मिळेल. २५ ला अडीच मीटर. २८ ला सव्वातीन मीटर, तिथे मात्र दीड-पावणेदोन मीटरच्या आतलं जातं, म्हणून २८ ला अंतराचा थोडा अभ्यास लागतो. रेंजफाइंडरची खरी गरज ५० च्या पुढे. ज्या यंत्रणेचा तुम्हाला उपयोग नाही तिचे पैसे का भरायचे? ते लेन्सवर घाला.

शिवाय मिरर नाही म्हणून लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या जवळ जाऊ शकतो. स्क्रू माउंटचं फिल्मपासूनचं अंतर २८.८ एमएम, निकॉन एफचं ४६.५. एसएलआरला वाईड लेन्स बनवायची तर मिररला जागा सोडून रेट्रोफोकस डिझाइन करावं लागतं, म्हणून ती जाडजूड होते. निकॉनची जुनी २१ एमएम एफ/४ तर मिरर वर लॉक करून आणि वेगळा व्ह्यूफाइंडर लावूनच वापरावी लागायची, म्हणजे एसएलआरचासुद्धा शेवटी बेसा-एलच केला की! दादाला हे दाखवलं तेव्हा तो गप्प बसला होता.

बेसा-एल मिळाली नाही तर झोर्की किंवा फेड हे जुने सोव्हिएत कॅमेरे बघा, तोच स्क्रू माउंट, मीटर बहुतेकांना नाही. झोर्की ४ मध्ये स्पीड नेहमी शटर कॉक केल्यावरच (फिल्म पुढे ओढून शटरला ताण दिल्यावरच) बदला. आणि कापडी पडद्याला टाचणीएवढी छिद्रं असतात कधीकधी, लेन्स काढून मागून टॉर्च मारून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता एसएलआरबद्दल, कारण अर्धा प्रश्न तोच होता. तुमच्याकडे एसएलआरच्या वाईड लेन्स आधीच असतील तर वरचं बरंचसं विसरा आणि त्या माउंटची मेकॅनिकल बॉडी घ्या, पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम, दोन्ही बॅटरीशिवाय शटर मारतात. के१००० ला मीटरचा स्विच नाही, लेन्सकॅप लावून ठेवा नाहीतर बॅटरी उतरते. अगदी वीस-तीस सेंटिमीटरवरून काढायचं असेल किंवा पोलरायझर, ग्रॅज्युएटेड फिल्टर वापरायचे असतील तरीही एसएलआरच, कारण वेगळ्या व्ह्यूफाइंडरमध्ये जवळची फ्रेम सरकते आणि फिल्टरचा परिणाम दिसत नाही. फ्लॅश लागत असेल तरी विचार करा, शूची जागा व्ह्यूफाइंडर खातो. आणि बेसा-एलवर लेन्सकॅप लावलेली राहिली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं स्वच्छ दिसत राहतं, मागचा मीटरचा लाइट बघायची सवय लावा, तो लगेच सांगतो.

लेन्स कोणती आहे ते लिहिलं नाहीत तुम्ही. अजून घेतली नसेल तर आधी ती ठरवा, २१ की २८, बॉडी त्यावरून ठरेल.