दयाळ की चिरक? आधी पोट बघा

पक्षीनिरीक्षणात नवीन आहात म्हणून सांगतो, दयाळ आणि चिरक या दोन पक्ष्यांत पहिल्यांदा सगळ्यांचाच गोंधळ होतो, दोघंही काळे-पांढरे, दोघंही शेपटी उभी करून बसणार. सगळ्यात आधी पोट बघा. दयाळ नराचं पोट पांढरंशुभ्र, पंखावर लांब पांढरा पट्टा आणि शेपटीच्या कडाही पांढऱ्या. चिरक नर पोटापर्यंत काळा, खांद्यावर फक्त पांढरा ठिपका, तोही बसल्यावर कधीकधी लपतो, मग शेपटी वर झाली की खाली विटकरी रंग दिसतो का ते बघायचं, दिसला की चिरकच, दयाळला तो नसतो.

माद्यांना घाबरू नका. दयाळची मादी राखाडी असते पण पंखावरचा पांढरा पट्टा तिलाही असतोच, चिरकची मादी मातकट तपकिरी, पट्टा नाही, शेपटीखाली तोच विटकरी रंग.

जागेवरूनही अंदाज येतो, म्हणजे माळरान, दगडाची गडगी, बांधकामाची पडीक जागा असेल तर बहुतेक चिरक, झाडी-सावलीची बाग असेल तर दयाळ. आणि मार्च ते जून पहाटे उजाडायच्या आत उठाच एकदा, अँटेनाच्या टोकावर बसून दयाळ नर काय गातो, अहाहा!