रोबोट व्हॅक्यूमच्या डॉकसाठी जास्तीचे आठ हजार मोजावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन बेडरूमचा फ्लॅट, वडिलांना धुळीची अ‍ॅलर्जी, बजेट २५ ते ३० हजार. आपला कचरा आपणच डॉकमध्ये (म्हणजे तो चार्ज व्हायला जिथे परततो त्या ठाण्यात) रिकामा करणारा, आपोआप फिरून केर काढणारा रोबोट घ्यावा, की आठेक हजार वाचवून साधा?

डॉकवाला घ्या, पण डॉकच्या आत पिशवी असेल तरच. बिनपिशवीचा डॉक तुमच्या घरात नको.

आमचं घर पुण्यात, धायरीला. समोर दोन वर्षं टॉवरचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. घरात मी, नवरा, लेक आणि सासूबाई. आम्हा तिघींचे केस लांब, हे मुद्दाम सांगतेय, पुढे कामाला येईल. रोबोट घेऊन दीड वर्ष झालं, २७ हजारांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतली यंत्रं उघडून बघितलीत तर सगळी एकमेकांची चुलत भावंडंच निघतात.

आधी तो पास्कलचा घोळ. पास्कल हे दाब मोजायचं एकक. खोक्यावर ५०००, ८००० पास्कल असे आकडे ठळक छापलेले असतात आणि मोठा आकडा म्हणजे चांगलं यंत्र असं वाटतं. वातावरणाचा दाब साधारण १,०१,३२५ पास्कल असतो. म्हणजे ८००० हा त्याचा आठ टक्केही होत नाही. शिवाय हा आकडा ओढ किती हे सांगतो, हवा किती वाहते ते सांगत नाही, आणि कचरा उचलते ती वाहती हवा. गालिचा असेल तर ओढ लागते. आपल्याकडे बहुतेक घरांत गुळगुळीत टाइल्स, तिथे तीन हजार पास्कलवालाही रवा उचलतो. यंत्र घरी आल्या दिवशीच मी करून पाहिलं: एक चमचा रवा आणि थोडी मूगडाळ जमिनीवर टाकली. मधला रवा पहिल्याच फेरीत साफ. भिंतीच्या कोपऱ्यातला तसाच राहिला, कारण यंत्र गोल आणि कोपरा काटकोनी. मुगाचे दाणे बाजूच्या फिरत्या ब्रशने कॅरमच्या सोंगट्यांसारखे उडवले, दोन थेट फ्रिजखाली. दहा हजार पास्कलनेही यात फरक पडला नसता.

पैसे जातात ते डॉकमध्ये, म्हणून परीक्षाही त्याचीच घ्यायची. रोबोटच्या पोटातला डबा लहान असतो, पाव-अर्धा लिटरचा. डॉकवर परतला की डॉकची मोटर पंधरा-वीस सेकंद जोरात ओढते आणि डब्यातला कचरा वरच्या अडीच-तीन लिटरच्या पिशवीत जातो. आवाज म्हणाल तर मिक्सरमध्ये सुकं खोबरं वाटल्यासारखा. पहिल्यांदा तो झाला तेव्हा सासूबाई देवघरातून धावत बाहेर आल्या, "अगं, गिरणी कसली लावलीस?" आता रोबोट दुपारी जेवणानंतर फिरतो. तो कोचाजवळ आला की त्या वाचता वाचता पाय वर घेतात आणि गेला की खाली सोडतात, पेपरमधली नजर न काढता.

परीक्षा अशी: डॉकने ओढून झालं की लगेच रोबोटचा डबा बाहेर काढून उघडा. नुसती धूळ असेल तर डबा जवळजवळ रिकामा दिसतो. केस असतील तर त्यांचा गुंता फिल्टरच्या जाळीला चिकटून मागे राहतो. आणि लसूण! मी ओट्याजवळ लसूण सोलत बसले होते, सालं खाली पडली, यंत्राने इमानदारीत उचलली. संध्याकाळी डॉक ओरडायला लागला की पिशवी भरली. पिशवी तर अर्धीही नव्हती. खालचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं तर नळीच्या वळणावर लसणाची सालं आडवी बसलेली, त्यांना केसांची जाळी, आणि तिच्यावर धुळीचा नमद्यासारखा थर. चिमट्याने ओढल्यावर वीतभर दोरी निघाली. तेव्हापासून घ्यायचा सल्ला विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते, डॉकच्या नळीचं झाकण स्क्रूने उघडतं का ते आधी विचारा. काही डॉकमध्ये ते उघडतच नाही, म्हणजे पाच मिनिटांच्या कामासाठी सर्व्हिस सेंटरची वारी.

आता पिशवी का. पिशवी भरली की तिच्या तोंडाचं झाकण सरकवून बंद करायचं आणि तशीच टाकून द्यायची, धूळ नाकात जात नाही. बिनपिशवीच्या डॉकचा डबा कचऱ्याच्या बादलीत उलटा करावा लागतो. दीड महिन्याची बारीक धूळ एका दमात तोंडावर येते. अ‍ॅलर्जीसाठी यंत्र घ्यायचं आणि दर दीड महिन्याने हा सोहळा करायचा, मग उपयोग काय झाला? खर्च म्हणाल तर मी पिशव्यांचं पाकीट घेते, एक पिशवी दीडशेच्या आसपास पडते. खोक्यावर साठ-सत्तर दिवस लिहिलं होतं, आमच्याकडे पाच आठवडे टिकते. पावसाळ्यात तर चार आठवड्यांनी भरो न भरो बदलतेच, नाहीतर ओलसर वास येतो. फिल्टर, बाजूचे ब्रश आणि पुसायची फडकी धरून वर्षाला अडीच-तीन हजार जातात. घेताना ते बजेटमध्ये धरा आणि सुटे भाग आज ऑनलाइन मिळतात का ते बघा. यंत्र स्वस्त आणि पिशवी कुठेच नाही, असेही नमुने बाजारात आहेत.

जाहिरातीत न सांगितलेली एक गोष्ट: डॉक असला तरी हात काळे होतातच. दर रविवारी मी जुना पेपर पसरून रोबोट उताणा करते. मुख्य ब्रशवर आमच्या तिघींचे केस विणल्यासारखे गुंडाळलेले असतात, ते शिवण उसवायच्या हत्याराने एका रेषेत कापते आणि ओढून काढते. ब्रशच्या दोन्ही टोकांच्या टोप्यांतही केस शिरतात. त्या काढल्या नाहीत तर ब्रश फिरायचा थांबतो. फिल्टर गॅलरीत नेऊन आपटते. हे काम वडिलांना करू देऊ नका, तुम्ही मास्क लावून करा.

पुसायची सोय या किमतीत नावापुरती. मागे ओलं फडकं ओढत नेतो, बस. आमच्या बांधकामाच्या धुळीवर तर चिखलाचे पट्टे उठतात, आणि फडकं लावून झाडायला सोडलं की ओलसर धूळ डब्यात गोळा होऊन बसते, डॉकला ती ओढवत नाही. रोबोट घराचा नकाशा बनवतो आणि जिथे जाऊ नये ती जागा मोबाइलवर त्यात बंद करता येते. दिवाळीत मी दारातल्या रांगोळीची जागा नकाशात बंद करायला विसरले. रांगोळी गेलीच, शिवाय हॉलभर गुलाबी रेघा. तेव्हापासून फडकं कपाटात. फरशी पुसायला मावशी येतातच, केर मात्र आता त्यांना काढावा लागत नाही, त्या वेळात खिडक्यांच्या जाळ्या पुसून होतात.

नकाशासाठी वर फिरता लेझर असलेलाच घ्या, तो अंधारातही वाट चुकत नाही. पण त्या लेझरला त्याच्या उंचीखालचं काही दिसत नाही, म्हणून मोबाइलच्या चार्जरची वायर, मोजे, परकराची नाडी आधी उचलावी लागते. काळ्या सतरंजीला रोबोट खड्डा समजतो आणि कडेवरून मागे फिरतो. आमची जाजमं त्यामुळे बदलली, हा खर्च मी हिशोबात धरलाच नव्हता! घरचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालू ठेवा, यातली बरीच यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर जोडलीच जात नाहीत. आणि डॉक इन्व्हर्टरच्या लाइनवर लावू नका, रिकामं करताना तो मोठ्या व्हॅक्यूमइतकी वीज खातो.

ऑर्डर देण्याआधी पट्टी घेऊन दोन मापं घ्या. पलंग आणि सोफ्याखाली किती जागा आहे: लेझरवाली यंत्रं साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतात, आमचा दिवाण नऊचा निघाला आणि त्याखालची धूळ आजही मीच काढते. दुसरं, खोल्यांचे उंबरे. दोन सेंटिमीटरपर्यंत तो चढतो, त्याहून उंच असेल तर अडकून चाकं फिरवत बसतो. डॉकसाठी भिंतीशी मोकळी जागाही लागेल, दोन्ही बाजूंना हातभर आणि समोर मीटरभर. मापं इथे लिहिलीत तर कुठे अडेल ते सांगते. आणि घेतलात की परत करायची मुदत संपायच्या आत रवा-मूगडाळ आणि केसांची परीक्षा करून घ्या, खोकं तोवर फेकू नका.